सभापतीच्या खुर्चीवरून थेट लॉबीत: टेक्सासच्या गिब लुईसना रोखायला हवं होतं का?

ऑस्टिनकर:
फोर्ट वर्थचे गिब लुईस १९७१ ते १९९३ टेक्सासच्या विधानसभेत होते. लेबलं छापण्याचा त्यांचा धंदा. शेवटची दहा वर्षं, सलग पाच वेळा, ते सभापती होते. त्याआधी पाच वेळा कुणीच झालं नव्हतं. १९९० च्या डिसेंबरात करवसुलीची कामं घेणाऱ्या एका वकिली फर्मच्या प्रकरणात त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. १९९२ मध्ये किरकोळ गुन्ह्यांवर तडजोड झाली आणि ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पुढे त्याच कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, ते लॉबिस्ट झाले: अशिलाकडून पैसे घेऊन त्याच्यासाठी आमदारांकडे शब्द टाकणारे.

माझा राग खटल्यावरून नाही, जे कायद्यात चोख बसतं त्यावरून आहे. इथे टेक्सासमध्ये समित्यांचे अध्यक्ष सभापती नेमतो. कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाईल तेही त्याच्याच हातात. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, फार तर १४० दिवसांचं. हजारो विधेयकं येतात आणि बरीचशी वेळ संपल्यानेच मरतात. म्हणून विधेयक मंजूर करून घेण्यापेक्षा ते अडवणं सोपं, आणि लॉबिस्टला अडवण्याचेही पैसे मिळतात. कुठे काय अडकतं, हे दहा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्याहून जास्त कुणाला ठाऊक? ज्याला स्वतः समितीचं अध्यक्षपद दिलं त्याच्याच दारात माजी सभापती अशील घेऊन जातो. समोरचा नाही कसं म्हणेल? हे वजन लोकांनी दिलेल्या पदाचं आहे, ते विकायचा त्याला हक्क नाही. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये, पद सोडल्यावर सहा वर्षं लॉबिंग करायला बंदी घालणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. इथेही तेच हवं.

जुना कारकून:
साफ असहमत. टेक्सासच्या आमदाराचा पगार वर्षाला ७,२०० डॉलर, म्हणजे महिन्याला सहाशे. १९७५ पासून तो बदललेला नाही. वर फक्त अधिवेशनातला रोजचा भत्ता. एवढ्यावर घर चालत नाही. बावीस वर्षं त्यात घालवलेल्या माणसाला जे काम नीट येतं तेच करू नको म्हणायचं?

आणि लुईस यांची कारकीर्द म्हणजे फक्त खटला नव्हे. १९८४ चा शाळा सुधारणा कायदा त्यांच्याच काळात झाला. खालच्या इयत्तांत वर्गात २२ च मुलं, ही मर्यादा त्यातूनच आली.

शिवाय सरकारपुढे म्हणणं मांडणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. मिसुरीची दोन वर्षांची बंदी २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने एका माजी सदस्याच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवली. सहा वर्षं कशी टिकतील?

ऑस्टिनकर:
पगार वाढवा, त्या मागणीवर मी आज सही करतो. पण पेन्शन विसरू नका. ती या ७,२०० वर नाही, त्याहून कितीतरी मोठ्या आकड्यावर मोजली जाते.

परभणीची लेक:
शाळेच्या निधीसाठी आम्ही काही पालक एका समितीपुढे बोलायला गेलो होतो. सकाळी नाव नोंदवलं, नंबर आला रात्री साडेदहाला. दोन मिनिटं मिळाली. निम्मे सदस्य जागेवर नव्हते. दुपारभर मात्र गळ्यात बिल्ला नसलेली, सगळ्यांना नावाने हाक मारणारी माणसं आतल्या दालनांत ये-जा करत होती. त्यांत एक माजी आमदार होते. हक्क त्यांचा आणि माझा सारखाच म्हणता, तर माझी दोन मिनिटं आणि त्यांची दुपार सारखी कशी?

जुना कारकून:
ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण त्यावर बंदी हे औषध नाही. अमेरिकी सिनेटमधले माजी नेते टॉम डॅशल २००५ मध्ये बाहेर पडले आणि कितीतरी वर्षं लॉबिस्ट म्हणून नोंदणी न करता 'सल्लागार' राहिले. बंदी घातलीत की सगळे सल्लागार होतील आणि आज जे सरकारी नोंदवहीत दिसतं तेही दिसायचं बंद होईल. टेक्सासमध्ये लॉबिस्टला निदान नाव, अशील आणि मानधनाचा टप्पा एथिक्स कमिशनकडे, म्हणजे राज्याच्या नीतिनियम आयोगाकडे, लिहून द्यावा लागतो. आपल्याकडे भारतात तर अशी वहीच नाही. मंत्रालयात कोण कुणासाठी येतं, हे शिपायाला माहीत, मतदाराला नाही.

ऑस्टिनकर:
डॅशलचा मुद्दा मला मान्य, माझ्या मांडणीत तो सुटला होता. मग पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या माजी सदस्यालाही वहीत आणा. पण वहीने ताईंची दोन मिनिटं वाढत नाहीत. सभापती आणि समिती अध्यक्षांपुरती तरी दोन अधिवेशनांची बंदी हवी, यावरून मी हटणार नाही.

जुना कारकून:
फक्त सभापती आणि समिती अध्यक्षांपुरती, आणि पगारवाढ त्याच विधेयकात असेल, तर मी विचार करेन. साध्या सदस्याला मात्र हात लावू नका.