एकच माणूस उत्पादक आणि वाहतूकदारही असेल तर क्लास कसे मांडायचे?

प्रश्न:
गावच्या दूध संस्थेसाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेत प्रोग्राम लिहितोय. 'व्यक्ती' हा मूळ क्लास (म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो साचा) आणि तो एक्सटेंड करून, म्हणजे त्याचे गुण वारशानं घेऊन, 'उत्पादक', 'वाहतूकदार', 'कर्मचारी' असे तीन. महिनाभर नीट चाललं. मग एक सभासद असे निघाले की ते स्वतःच्या दोन म्हशींचं दूध घालतात आणि केंद्राचे कॅन चिलिंग सेंटरला नेणारा टेम्पोही त्यांचाच. जावात दोन क्लास एक्सटेंड करता येत नाहीत, म्हणून त्यांची दोन खाती काढली. पेंडीसाठी घेतलेली उचल टेम्पोच्या खात्यावर पडली आणि दुधाच्या बिलातून कापलीच गेली नाही. आता काय करू?

उत्तर १:
'वाहतूकदार' इंटरफेस करा (म्हणजे कोणती कामं करता यायला हवीत याची नुसती यादी; एका क्लासला असे अनेक जोडता येतात), काम होईल.

उत्तर २:
इंटरफेसनं कंपायलरची तक्रार मिटेल, तुमची नाही. ऑब्जेक्ट ज्या क्लासचा जन्मला त्याच क्लासचा शेवटपर्यंत राहतो. ते सभासद उद्या टेम्पो विकतील, तेव्हा काय करणार? वाहतूकदार हा माणसाचा प्रकार नाही, त्यानं धरलेलं काम आहे.

म्हणून 'व्यक्ती' एकच ठेवा आणि तिच्याकडे भूमिकांची यादी द्या. उत्पादकाच्या भूमिकेत सभासद क्रमांक, वाहतुकीच्या भूमिकेत गाडी नंबर, किलोमीटरचा दर आणि कधीपासून कधीपर्यंत ते. उचलीचं खातं मात्र थेट व्यक्तीला जोडा. पैसे माणसानं घेतलेत, टेम्पोनं नाही.

ही चूक खुद्द जावातही आहे. 'स्टॅक' म्हणजे ढीग, त्यात फक्त वरूनच घालायचं आणि काढायचं. पण तो 'व्हेक्टर' (कुठेही घालता येणारी यादी) एक्सटेंड करतो, त्यामुळे ढिगाच्या मधेच वस्तू घुसवता येते. आज जावाचं डॉक्युमेंटेशनच त्याऐवजी 'डेक' (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा म्हणतं.

प्रश्नकर्ता:
पटलं दादा. मग बिल आणि रोजची संकलन नोंद हे कंपोझिशन ना, म्हणजे नोंद हा बिलाचाच भाग? यूएमएलमध्ये (क्लासची नाती दाखवणाऱ्या आकृतीत) त्यासाठीचा काळा डायमंड काढलाय.

उत्तर २:
तो आधी खोडा. काळा डायमंड म्हणजे मालक गेला की भागही गेला. बिल चुकलं तर तुम्ही ते डिलीट करून नव्यानं काढणार, पण १२ तारखेच्या सकाळी ६.२ फॅटचं साडेतीन लिटर दूध आलं होतं हे तर खरंच राहतं ना? मी एका संस्थेच्या कामात बिलाकडून नोंदींवर कॅस्केड ऑल लावलं होतं, म्हणजे बिलाचं जे होईल ते डेटाबेसमधल्या नोंदींचंही. एक बिल डिलीट झालं आणि त्या सभासदाच्या दहा दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी गेल्या. केंद्रावरच्या वहीतून सगळ्या परत भरल्या. ती माणसं पहाटे रांगेत उभी राहून दूध घालतात. त्यांची नोंद अशी पुसली गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

बिलातल्या कपातीच्या ओळींना काळा डायमंड शोभतो, कारण बिलाबाहेर त्यांना अर्थ नाही. नोंदींना साधी रेघ पुरे. आणि त्या दिवशीचा दर नोंदीतच लिहून ठेवा. दरपत्रकाकडे बोट दाखवून ठेवलंत तर दर बदलल्यावर जुनी बिलंही बदलतील.

प्रश्नकर्ता:
उचल व्यक्तीला जोडली, चाचणी बिलात बरोबर कापली गेली. 'कर्मचारी' पण भूमिकाच करू का?

उत्तर २:
हो. तुमचे सचिव दूध घालत असतीलच की.