चुलीच्या मागं टाइल्स बसवायच्यात, जाळ सोसेल असं काय लावावं?

जुळे सोलापूरकर: नमस्कार मंडळी, मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली पक्की चूल बांधतोय, वैलासकट (बाजूचं दुसरं तोंड). आई ऑर्डरच्या कडक भाकरी करते त्यामुळं चूल सकाळपासून दुपारपर्यंत पेटलेलीच असते आणि भिंतीवर काजळी बसते, म्हणून पुसता येईल असं काहीतरी हवंय. मिस्त्री म्हणतोय जाळाखाली शहाबादी टाकू, मागं किचनच्या उरलेल्या टाइल्स अ‍ॅडेसिव्हनं चिकटवू. शेजारच्या काकूंकडं असंच केलेलं, दोन टाइल्स फुगून सुटल्या. काय करावं?

भट्टीवाला: ताई, टाइल भट्टीत हजार डिग्रीच्या वर भाजलेली असते, चुलीनं ती जळत नाही. दगा देतं ते तिच्या मागचं. अ‍ॅडेसिव्ह लवकर सुटतं, साधं सिमेंटही 400 डिग्रीच्या पुढं भुसभुशीत होत जातं, आणि टाइल पुढून तापून फुगते पण मागची भिंत गारच, मग ती सुटणार नाही तर काय. त्यात तापलेल्या टाइलवर ओलं फडकं मारलं की तडा गेलाच. म्हणून जाळ लागतो तिथं टाइल नकोच, फायर ब्रिक म्हणजे जाळ सोसणारी वीट लावा, सांधे फायर क्लेचे (तशाच जाळ सोसणाऱ्या मातीचे) आणि अगदी बारीक, 2-3 मिमी. ब्रिक आणि भिंत यात बोटभर गाळा मोकळा सोडा, वरून उघडा, म्हणजे गरम हवा निघून जाईल. टाइल त्या गाळ्याच्या मागं भिंतीवर, आणि चूल पेटलेली असताना तळहात टेकवून ठेवता येईल एवढ्या लांबच.

शहाबादीचा व्यापारी: मी ही फरशी विकतो तरी सांगतो, जाळाखाली टाकू नका. चुनखडीचा थराथराचा दगड तो, तापला की पापुद्रे सुटतात, आत पाणी मुरलेलं असलं तर तुकडा फाडकन उडतो, समोर बसून भाकरी भाजणाऱ्याच्या तोंडावर. कडप्पाही चुनखडीचाच. आईंच्या बसायला, परात ठेवायला मात्र शहाबादीसारखं काही नाही, ती तिथं खुशाल टाका.

जुळे सोलापूरकर: आणि ग्रॅनाइट? टाइलच्या सांध्यात इपॉक्सी (राळेचा भराव) भरली तर?

भट्टीवाला: ग्रॅनाइट बाजूच्या कट्ट्याला चालेल, थेट जाळात नको, त्यातलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) 573 डिग्रीला एकदम फुगतं आणि दगड चिरतो. इपॉक्सी तर शंभराच्या आतच मऊ पडते, ती सिंकपाशी ठीक.

अक्कलकोट रोड: ताई, मागं सिमेंटचा जुना पत्रा उभा करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तापून फुटतो आणि त्याची धूळ छातीत जाते. पीव्हीसीचं पॅनलही नको. चुलीला आतून आमच्याकडं अजून माती-भुसा-शेणाचाच लेप असतो, तडा गेला की आई पुन्हा सारवते, दहा मिनिटांचं काम. आणि बांधल्या बांधल्या मोठा जाळ करू नका, आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग चार-पाच दिवस नुसत्या काटक्या पेटवा, ओल हळूहळू निघाली पाहिजे. भाकरीच्या ऑर्डरी तोवर गॅसवरच घ्या.