कारवानीचे प्लेटलेट कमी, पीसीव्ही जास्त. गोचीडतापच का?

माळावरचा, औसा
आमची बिजली, अडीच वर्षांची कारवानी शिकारी कुत्री. पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करायचंय म्हणून आधी रक्त तपासलं. पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के) 59, हिमोग्लोबिन 20, प्लेटलेट 1 लाख 32 हजार, क्रिएटिनिन 1.7. निम्म्या आकड्यांपुढे बाण. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट कमी म्हणजे गोचीडताप, महिनाभर डॉक्सीच्या (अँटिबायोटिक) गोळ्या द्या. किडनीपण बघावी लागेल. पण कुत्री ठणठणीत आहे हो! काल बोक्यामागं अशी सुटली की दोन बांध एका दमात. गोळ्या सुरू करू का?

काचपट्टी, पुणे
दादा, जरा थांबा. मी जनावरांच्याच लॅबमध्ये आहे, हे रिपोर्ट रोज हातात येतात. बाण मशीन छापतं, आणि समोर पॉम आहे की कारवानी हे मशीनला कळत नाही. पीसीव्ही साधारण 37 ते 55, प्लेटलेट 2 ते 5 लाख, ही रेंज सगळ्या जाती एकत्र धरून काढलेली असते.

पळणाऱ्या, सडपातळ जातींचं रक्तच वेगळं. ग्रेहाउंडवर यातलं सगळ्यात जास्त काम झालंय: धडधाकट ग्रेहाउंडचा पीसीव्ही 50 ते 65, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, पांढऱ्या पेशी कमी, थायरॉइडचा टी-4 तर इतका खाली की उगाच गोळ्या सुरू होतात. कारवानी त्याच बांध्याची, म्हणून मी तिचा रिपोर्ट ग्रेहाउंडच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचते.

तरी 'जातच तशी' म्हणून सोडूनही देऊ नका. आपल्याकडे गोचीड कुठं नाही? ताप रेंगाळला की पीसीव्ही उतरतो आणि ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन) चढतं. ग्रेहाउंडमध्ये नेमकं उलटं: पीसीव्ही वर, ग्लोब्युलिन कमी. तुमच्या रिपोर्टात ग्लोब्युलिन किती? सुरुवातीच्या दिवसांत मात्र नुसते प्लेटलेटच पडतात, म्हणून एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाच्या जंतूची, टेस्ट कराच. आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, डोळ्यांनी बघायला सांगा. रक्त काढताना वेळ लागला की प्लेटलेटचे पुंजके होतात, काचेच्या शेपटाकडे ढिगानं दिसतात, आणि मशीन ते मोजतच नाही. नमुना माणसांच्या लॅबला गेला असेल तर आकड्यांवर फार विसंबू नका. कुत्र्याची लाल पेशी आपल्यापेक्षा लहान, मशीन तशी लावलेली नसेल तर गडबडतं.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, बिजलीच्या मांड्या बघा म्हणजे कळेल. लघवीची घनता काढा. 1.030 च्या वर असेल तर किडनी आपलं काम करतेय.

अकिताची आई, ठाणे
आमच्या अकिता जातीच्या कुत्र्याचं पोटॅशियम एकदा 7 च्या वर आलं होतं. नमुना दुपारभर पडून होता. अकिताच्या लाल पेशींतच पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं. ताजं रक्त लगेच फिरवून सीरम वेगळं केलं, तर आकडा नॉर्मल! तोवर घरात रडारड झाली होती.

माळावरचा, औसा
ताई, ग्लोब्युलिन 2.2 आहे. त्यापुढंपण खाली जाणारा बाण. टेस्टसाठी उद्या लातूरला नेतो. पण लघवी धरायची कशी? वाटी दिसली की पळते.

काचपट्टी, पुणे
2.2 वाचून बरं वाटलं. वाटी नको, काठीला स्वच्छ कोरडा डाव बांधा आणि सकाळी बसली की मागून सरकवा. लगेच पोचवा.

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्यांना 'कारवानी आहे' एवढं आठवणीनं सांगा. अंगात चरबी नाही, आणि थायोपेंटोनसारखं औषध ग्रेहाउंडच्या यकृतात सावकाश निवळतं, तासन्‌तास शुद्ध येत नाही. दुसरी औषधं आहेत, ती मागा. जुना रिपोर्ट फाडू नका, पुढच्या वेळी बिजलीचे आकडे बिजलीच्याच आकड्यांशी ताडून बघायचेत.