पुण्या-मुंबईत, दिल्लीत छोले-भटुरे नि चाट खाताना काय झालं? सांगलीकरांनो, लिहा

लेक पुण्यात नोकरीला आहे. परवा गेलो तर त्याने आम्हाला एका छोले-भटुऱ्याच्या हॉटेलात नेलं. वाटीत काळेकुट्ट छोले. ही हळूच म्हणाली, "अहो, करपलेत बहुतेक." वेटरला विचारलं, तर म्हणे शिजवताना चहापत्तीची पुरचुंडी टाकतात, तिचाच रंग. भटुरा मात्र असा टम्म फुगलेला, की बोट टोचलं आणि वाफेने हिचा चष्मा धुरकटला. दोघांत मिळून एकच संपला. तुमचेही अनुभव येऊ द्या, पण बाहेरगावचेच. भडंगासाठी वेगळा धागा काढू.

मिरजकर:
गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो. लाजपत नगर तिथून जवळच. गाड्यावर पाटी, 'राम लड्डू'. म्हटलं, चला, गोडाने सुरुवात करू. द्रोणात आली मुगाच्या डाळीची गोल भजी, वर मुळ्याचा कीस आणि हिरवी चटणी! गोडासाठी आ वासलेला, ठसका थेट नाकात. दुसरा द्रोण मागितलाच, ते सोडा.

विश्रामबागवाली:
माझा घोळ गोलगप्प्यांचा. वेटर विचारतो, "आटे के या सूजी के?" मी म्हटलं, दादा, पाणीपुरी द्या की! आत उकडलेला बटाटा नि काबुली चणे, सगळं गार. गरम रगड्याची सवय असलेल्या जिभेला चुकल्यासारखंच वाटतं. रव्याच्या पुऱ्या कुरकुरीत होत्या, एवढं मान्य.

तासगावचा पाव्हणा:
मुंबईत कॉलेजला असताना सायन कोळीवाड्यात समोसा-छोले खायचो. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वस्ती ती, त्यामुळे चव पंजाबी. समोसा कुस्करायचा, वर छोले, चटणी, कांदा. महिनाअखेरीला तेच जेवण.

खणभागातला:
पुण्यात एका झगमगीत ठिकाणी आलू टिक्की घेतली. 160 रुपये. वरून गरम, मधोमध फ्रीजचा गारवा. दही इतकं गोड की श्रीखंड म्हणून खपलं असतं. वर डाळिंबाचे सहा दाणे. मोजले मी.

हळदवाली काकू:
मी घरीच घाट घातला. मैदा दह्यात भिजवून चार तास झाकून ठेवला. एक भटुरा फुगेल तर शपथ. सासूबाई म्हणाल्या, "पापड छान झालेत गं." छोले मात्र उरले, ते दुसऱ्या दिवशी भडंगावर घालून संपवले. धागाकर्त्यांनी माफ करावं.