गांजा कायदेशीर करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

अनुराधा_शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदाच्या वादविवाद स्पर्धेसाठी ‘भारतात गांजा कायदेशीर करावा’ हा विषय मिळाला आहे आणि माझ्या दोन विद्यार्थिनींची मी तयारी करून घेते आहे. तीन आठवडे वाचन झाले, पण बाजूने आणि विरोधात लिहिणारी मंडळी एकमेकांच्या मुद्द्याला उत्तरच देत नाहीत असे जाणवले. एका बाजूला महाशिवरात्रीची भांग आणि परदेशांतला महसूल, दुसऱ्या बाजूला व्यसनाने वाया गेलेली मुले. दोन्हींत तथ्य आहे, परंतु त्यातून कायदा कसा असावा हे काही कळत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवाना असलेल्या दुकानांत भांग उघड विकली जाते आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर माणूस कोठडीत जातो, हा भेद कायद्यात कुठून आला? आणि ‘कायदेशीर करणे’ म्हणजे नेमके काय? पोर्तुगाल, कॅनडा आणि थायलंड ही नावे लोक एका दमात घेतात, पण तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली असे मला वाटत नाही.

हा विषय माझ्यासाठी केवळ स्पर्धेपुरता नाही, हेही सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असलेला एक मुलगा मागच्या महिन्यात पंधरा ग्रॅम गांजासह पकडला गेला. त्याची आई मला भेटून गेली. तिला मुलाच्या तब्येतीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी त्याच्या नावावर लागणाऱ्या गुन्ह्याची होती, आणि मला तिला धड काहीच सांगता आले नाही.

न्यायपथ

अनुराधाताई, मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि अशा खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे हे गृहीत धरून वाचावे.

भेदाचे मूळ व्याख्येत आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत, तर झाडाची राळ, म्हणजे चरस, कायद्यात वेगळी पण बंदीखालीच धरली आहे. भांग पानांची होते, म्हणून ती या कायद्याबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे जाते. मात्र महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांगही बाळगता येत नाही. तेव्हा ‘भांग तर कायदेशीरच आहे’ हे वाक्य आपल्या मुलींनी इथल्या व्यासपीठावर जपून वापरावे. पाने वगळण्याची ही व्याख्या १९६१ च्या अमली पदार्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. त्याच कराराने औषधाव्यतिरिक्तचा गांजाचा वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. करार १९६४ मध्ये अमलात आला आणि मुदत संपण्यास चार वर्षे उरली असताना आपला कायदा झाला.

त्याआधी हा विषय या देशात अनोळखी नव्हता, आणि हा भाग आपल्या विद्यार्थिनींनी अवश्य वाचावा. ब्रिटिश संसदेत गांजावरून ओरड झाल्यावर १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या, बंगालमधील नौगाव आणि मध्य प्रांतातील खांडवा इथल्या लागवडीची माहिती घेतली आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या उघडून बसला. त्या नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ असे सर्रास लिहिलेले असे. आयोगाने एका वर्षातली अशी प्रकरणे एकेक करून तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रकरणांत त्या शेऱ्याला आधारच नव्हता; रुग्णासोबत आलेल्या पोलिसी कागदावरचा शब्द पुढे उतरवून घेतलेला होता. अतिसेवन घातक आहे, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, आणि बंदीऐवजी परवाने व कर यांनी वापर आटोक्यात ठेवावा, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा गांजा आजच्याइतका तीव्र नव्हता, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा आज लागू करता येणार नाही. पण चौकशी कशी करावी याचा तो आजही उत्तम नमुना आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहार. गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यावसायिक प्रमाण’ वीस किलोपासून धरले जाते. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, तेवढाच दंड किंवा दोन्ही. शिक्षा कागदावर हलकी दिसते, पण २०२० मधील एका गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले, त्यामुळे पंधरा ग्रॅमवालाही पोलीस ठाण्यातून हक्काने जामीन मागू शकत नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील प्रकरणे अभ्यासली, तेव्हा त्यांतील बहुतांश प्रकरणे वैयक्तिक सेवनाची आणि त्यांतही बहुतेक गांजाची निघाली. आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि संध्याकाळपर्यंत घरी जातो. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत दोषसिद्धी समोर येते, तेव्हा त्याला कळते की त्या दिवशी आपण नेमके कशावर सही केली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी इथूनच देईन. पोर्तुगालने २००१ मध्ये ठरावीक प्रमाणापर्यंत पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून काढले. विक्री आजही गुन्हाच आहे आणि सापडलेल्या माणसाला कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्या समितीपुढे जावे लागते. कॅनडाने २०१८ मध्ये बाजारच उघडला. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचा कायदाच केला नाही. गल्लोगल्ली दुकाने झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. सेवन करणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणे आणि व्यापाऱ्याला दुकान उघडू देणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. दुसऱ्याबाबत मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

मनोविकार_चिकित्सक

न्यायपथ यांच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी सहमत आहे, परंतु ‘माफक सेवन’ या शब्दापाशी थांबणे मला आवश्यक वाटते.

माझ्याकडे येणारी मुले क्वचितच भांगेची असतात. ती सतराव्या-अठराव्या वर्षी रोज ओढायला लागलेली असतात, आणि पालक त्यांना घेऊन येतात तेव्हा शेजारी आपल्याविषयी बोलतात, मोबाइलमधून आपल्यावर पाळत ठेवली जाते, अशा संशयाने ती पछाडलेली असतात. प्रत्येकाच्या बाबतीत कारण गांजाच आहे असे मी म्हणणार नाही. आयोगाने उघडी पाडलेली ती शेरा मारण्याची सवय डॉक्टरांनाही लागू शकते. तरीही रोजचे सेवन, अधिक टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला माल आणि कोवळे वय या तिन्हींनी मनोविकृतीचा धोका वाढतो, आणि घरात स्किझोफ्रेनिया असेल तर तो आणखी वाढतो, याविषयी आमच्या शास्त्रात आता फारसा वाद उरलेला नाही. सेवन करणाऱ्यांपैकी साधारण दहांत एकाला अवलंबित्व येते, आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण अधिक असते.

केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतात आणि सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. त्याच अहवालात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी आहे. समर्थक म्हणतात, दारू चालते तर गांजा का नको? मी हाच आकडा उलट बाजूने वाचतो. विक्रीला मोकळीक मिळाली की एखादा पदार्थ किती घरांत पोहोचतो हे आपण दारूच्या बाबतीत पाहिलेले आहे.

औषधाचा मुद्दा मात्र या वादातून वेगळा काढावा. बालवयातील काही दुर्धर अपस्मारांत याच झाडातील सीबीडी या घटकाचा निश्चित उपयोग होतो, आणि त्याने नशा येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कठोर यादीतून वगळले आणि भारताने बाजूने मत दिले. ‘भारत गांजाच्या बाजूने’ असे त्याचे मथळे झाले, पण त्या मताने औषधी उपयोगाची वाट मोकळी झाली, एवढेच. बाकीचे निर्बंध तसेच राहिले.

सातपुड्याचा_पायथा

या चर्चेत ओढणारा आला, विकणारा आला, पिकवणारा अजून आलेला नाही.

मी शिरपूर तालुक्यातला आहे. कापूस, मका किंवा तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळला, ही आमच्याकडे दरवर्षीची बातमी. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. बातमीच्या छायाचित्रात उभा असतो तो वनजमीन कसणारा आदिवासी; बियाणे देऊन तयार माल उचलणारा त्यात कधी दिसत नाही. मी लागवडीचे समर्थन करत नाही. ज्या घरात कर्ता माणूस तुरुंगात गेला, त्या घरातल्या मुलांची शाळा सुटलेली मी पाहिली आहे. पण कोरडवाहू जमीन, बाजारापासून दूर असलेला पाडा आणि दारात येऊन रोख पैसे मोजणारा व्यापारी एवढे एकत्र आले की शिक्षेचा धाक पुरत नाही. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतही नेमके हेच आहे. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून, गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली होती. लोकांनी ती बातमी गंमत म्हणून वाचली. मला तो अर्ज अत्यंत गंभीर वाटला.

कायदेशीर झाले तर आमचे भले होईल, असेही कोणी समजू नये. धागा आणि बियांसाठी लागवडीची मुभा कायद्यात आहेच, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून परवाने देण्यास सुरुवात केली. पण तिथे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे. तशा बियाण्याची खात्री, प्रयोगशाळेची तपासणी आणि परवान्याची कागदपत्रे हे सारे दोन एकरवाल्याने कोणाच्या जोरावर करावे? हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला, तेव्हा मी आशेने वाचायला घेतले. महाराष्ट्रात असे काही झालेच, तर परवाने शेतकरी गटांना मिळतील की कंपन्यांना, हे मी सर्वांत आधी विचारीन.

टोरांटोकर

मी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात बावीस वर्षे राहतो आहे. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथे विक्री सुरू झाली तेव्हा माझी मुलगी अकरावीत होती, त्यामुळे हा बदल मी बापाच्या नजरेने पाहिला.

सुरुवात सावध होती. पहिले सहा महिने ऑन्टारियोत फक्त सरकारी संकेतस्थळावरून माल मिळे. एप्रिल २०१९ मध्ये सोडतीने मोजकी दुकाने उघडली. वेष्टन साधे, त्यावर ठळक इशारा, जाहिरातीला बंदी, वयाची अट १९. क्वेबेकने तर वय वाढवून २१ केले आणि विक्री सरकारी दुकानांपुरतीच ठेवली. पुढे ऑन्टारियोने परवाने सैल केले आणि काही रस्त्यांवर दोन कोपऱ्यांच्या मध्ये तीन-तीन दुकाने झाली. माझ्या मते चूक तिथे झाली. गांजा घातलेले खाद्यपदार्थ २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागले, आणि ते खाऊ समजून खाल्लेल्या लहान मुलांना रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रमाण वाढले. चोरटा बाजार आक्रसला, पण संपला नाही.

एक गोष्ट मात्र निःसंशय चांगली झाली. खिशात तीस ग्रॅमपर्यंत सापडले म्हणून कोणा प्रौढाचे आयुष्य आता अडत नाही. जुन्या दोषसिद्धी विनाशुल्क झाकण्याचा कायदाही २०१९ मध्ये झाला, पण अर्ज करण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकल्यामुळे फारच थोड्यांनी त्याचा लाभ घेतला. भारतात असे कधी झाले, तर नोंदी आपोआप पुसण्याची तरतूद आधीच लिहून घ्यावी. जर्मनीचा २०२४ चा कायदाही आपल्या विद्यार्थिनींनी पाहावा. तिथे प्रौढांना घरी तीन झाडे लावता येतात आणि सभासदांच्या संस्था लागवड करू शकतात, पण दुकाने नाहीत.

अनुराधा_शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, मी ऋणी आहे. विद्यार्थिनींनी आता विषयाचेच तीन तुकडे केले आहेत: सेवन, विक्री आणि लागवड. न्यायपथ, एक विचारते. त्या मुलाच्या आईला कोणीतरी सांगितले आहे की व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाल्यास खटला सुटतो. हे खरे आहे का?

न्यायपथ

अर्धे खरे आहे. कलम ६४अ नुसार, अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येत नाही; उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. अडचण ‘व्यसनाधीन’ या शब्दाची आहे. कायद्यात त्याचा अर्थ पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती असा आहे. मित्रांसोबत अधूनमधून ओढणाऱ्या मुलाला हे संरक्षण हवे असेल तर स्वतःला आजारी म्हणवून घ्यावे लागते, आणि ते खरे नसेल तर त्याच्यापुढे खटला लढणे किंवा गुन्हा कबूल करणे एवढेच उरते. ज्याचे सेवन कमी, त्याला वाट कमी, असा हा प्रकार आहे, आणि विरोधी बाजूने बोलणाऱ्या मुलीलाही याचे उत्तर द्यावे लागेल.

त्या आईला एवढे नक्की सांगा: पुढच्या तारखेआधी मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडून प्रामाणिकपणे तपासून घ्यावे, पंचनाम्याची आणि रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, पकडलेल्या मालात शेंडे किती आणि सुटी पाने किती हे वकिलाला पाहू द्यावे, आणि लवकर सुटका होईल या आशेने कोणत्याही कबुलीवर सही करू देऊ नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.