डोनट घालून अस्वल मारायचं, ही शिकार म्हणायची का?

भटका_मेनवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या मेन राज्यात, बँगॉरजवळ राहतो. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी दर वर्षी ऑगस्टअखेरीस काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातात. यंदा त्यांनी मलाही सोबत बोलावलंय. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, मी आपलं गप्प बसायचं. जाऊ की नको हे ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

गेल्या शनिवारी आमिष भरायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. पिकअपच्या मागे शिळ्या डोनटची पोती, पॉपकॉर्न आणि कुठल्याशा हॉटेलातून आणलेलं, वापरून काळं पडलेलं तळणाचं तेल. आत जंगलात एका झाडाला साखळीने जखडलेलं निळं प्लॅस्टिकचं पिंप, त्याला पंजा जाईल एवढं भोक. तेल मुद्दाम पिंपाभोवती जमिनीवर ओततात. ते अस्वलाच्या तळपायांना लागतं, ते जाईल तिथवर वास जातो आणि बाकीची अस्वलं तो माग धरून येतात. पिंपापासून वीसेक यार्डांवर झाडाला लोखंडी बैठक आणि पिंपावर रोखलेला कॅमेरा. एका मोठ्या नराला तर त्यांनी नावही ठेवलंय.

आता हेच गृहस्थ कुंपणाच्या आत पैसे मोजून शिकार करणाऱ्यांना शेलक्या शिव्या घालतात. 'फेअर चेस', म्हणजे न्याय्य पाठलाग, सतत तोंडी. मी विचारलं, मग हे डोनट काय? म्हणाले, "अस्वल मोकळं आहे. यायचं की नाही हे त्याचं ते ठरवतं."

मी मांसाहारी आहे, त्यामुळे 'बिचारं अस्वल' एवढ्यावर चर्चा थांबू नये ही विनंती. माझा पेच एवढाच: महिनाभर खाऊ घालून चटक लावलेल्या जनावराला मोकळं म्हणायचं का? आणि नाही म्हणायचं, तर रेष नेमकी कुठे मारायची?

गार्गी_म

बंदूक एकाच बाजूला असताना डोंबलाचं फेअर! पण एक शंका. टेडी बेअरची गोष्ट याच संदर्भातली ना? थिओडोर रूझवेल्टनी बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला ती? फेअर चेसची सुरुवात तिथून झाली असं वाचल्याचं आठवतंय.

रानडुक्कर_नाही_राम

रुमाल टाकून ठेवतो. तात्या येईपर्यंत मजा नाही.

तात्या_डुरँगो

आलो रे बाबा.

मी कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात राहतो, अस्वलाचा परवाना काढतो, आणि आमच्याकडे आमिषाला बंदी आहे. माझा चष्मा कोणता ते आधीच सांगितलेलं बरं.

गार्गीताई, गोष्ट खरी, पण सुरुवात तिथली नाही आणि सांगताना निम्मी गाळतात. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी. वाटाड्या होल्ट कॉलियर, गुलामगिरीत जन्मलेला, त्या मुलखातला अस्वलांचा नावाजलेला शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी अस्वल गाठलं, त्याने ते झाडाला बांधलं आणि राष्ट्राध्यक्षांना बोलावणं धाडलं. रूझवेल्टनी गोळी घालायला नकार दिला. बेरीमनचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टात आलं, मग खेळणं आलं. पण ते अस्वल काही सुटलं नाही! घायाळ झालेलं होतं, त्याचे हाल संपवायला सांगितलं गेलं आणि सुऱ्याने ते मारलं. त्या एका दुपारी दोन वेगळे हिशेब झाले. 'मी मारणार नाही' हा शिकाऱ्याच्या इभ्रतीचा. 'हाल थांबवा' हा जनावराचा. भटके, तुमच्या प्रश्नात हेच दोन हिशेब एकत्र झालेत असं मला वाटतं.

बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांची संस्था त्याच्या बरीच आधीची, १८८७ ची. रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल वगैरे मंडळींनी काढलेली. फेअर चेसमध्ये काय बसत नाही हे त्यांच्या सुरुवातीच्या नियमांतच होतं: अस्वल, लांडगा, कूगर (पहाडी सिंह) सापळ्यात मारणं, रात्री उजेड दाखवून मारणं, खोल बर्फात रुतलेलं मूस, एल्क (ही थोराड हरणंच) किंवा साधं हरीण मारणं, पोहणाऱ्या जनावराला नावेतून मारणं. कुत्र्यांचा उल्लेख नाही, आमिषाचाही नाही. आणि जो सापळा त्यांनी यादीत सगळ्यात वर घालून बाद केला, तो काळ्या अस्वलासाठी हौशी शिकाऱ्याला आज अमेरिकेत एकाच राज्यात लावता येतो. कोणत्या? तुमच्याच, मेनमध्ये. आजच्या व्याख्येचा मथितार्थ असा की जनावर रानटी आणि मोकळं हवं, मार्ग कायदेशीर हवा आणि शिकाऱ्याला गैरवाजवी फायदा मिळता कामा नये. आता 'गैरवाजवी' कोणी ठरवायचं?

कोलोरॅडोत ते मतदारांनी ठरवलं. १९९२ च्या मतदानात साधारण ७० टक्क्यांनी आमिष, कुत्रे आणि वसंतातली शिकार, तिन्ही एकदम बंद केलं. वसंतातल्या बंदीबद्दल माझं दुमत नाही: मादी तेव्हा काही महिन्यांच्या पिल्लांना पाजत असते, ती मेली की पिल्लं गेली. पण बाकी दोन्हींचा परिणाम लोकांना वाटला तसा झाला नाही. पुढे शरद ऋतूतले परवाने वाढले, मारल्या जाणाऱ्या अस्वलांचा आकडाही चढला. त्यातली कितीतरी अशा लोकांनी मारलेली असतात जे एल्कसाठी किंवा हरणासाठी रानात आलेले असतात आणि खिशात अस्वलाचा परवाना असतो. वाटेत दिसलं, झाडली गोळी. हा 'फेअर' आहे, कारण कोणी डोनट घातले नव्हते. मला तो अजिबात पटत नाही. जो अस्वलासाठी आलाच नव्हता, त्याने त्या जनावराकडे बघितलं तरी किती वेळ?

इथे खरी मेख आहे. काळ्या अस्वलाची नर-मादी लांबून ओळखणं महाकठीण. पिल्लं सोबत असलेली मादी मारणं इथे गुन्हा. पण पिल्लं सोबत आहेत हे दिसायला तर हवं! सप्टेंबरात इथली अस्वलं ओकच्या झुडपांत एकोर्न (ओकची फळं) खायला उतरतात. तुम्ही समोरच्या उतारावर दुर्बीण लावून बसता. तीनशे यार्डांवर झुडपातून वर आलेली एक काळी पाठ, मधूनच फांदी खाली ओढणारा पंजा, बस्स. एकदा असंच एक अस्वल पाठीमागच्या झुडपांसह मी संध्याकाळभर पाहत बसलो. आडवं उभं होतं, वारा त्याच्याकडून माझ्याकडे, नेम घ्यायला दगड होता. पण त्याच्या मागचं झुडूप एकसारखं हलत होतं. अंधार पडेपर्यंत हलत होतं. पिल्लं होती की दुसरं अस्वल, मला आजतागायत माहीत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं पिंप घ्या. वीस यार्ड. अस्वल पिंपाशेजारी उभं राहिलं की पाठ कुठवर येते त्यावरून आकार कळतो. डोक्याच्या मानाने कान मोठे आणि उभे दिसले तर ते लहान; कान दोन्ही बाजूंना पांगलेले, डोकं रुंद, तर मोठा नर असण्याची शक्यता जास्त. मादी बरेचदा एकटी पुढे येते आणि पिल्लं मागे झाडाशी थांबतात, म्हणून अनुभवी माणूस पहिल्या अस्वलावर लगेच नेम धरत नाही. ते आडवं होऊन पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबता येतं. हे सगळं करायला त्याच्याकडे वेळ असतो, मला नसतो. आणि अस्वल घायाळ होऊन निसटलं तर शोधणं फार वाईट काम. चरबी जखम बुजवते, लांब केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर थेंबांचा माग नीट उमटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पाठलाग न्याय्य असणं आणि मरण स्वच्छ असणं या दोन गोष्टी अस्वलाच्या बाबतीत एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आमिष पहिलीत कमी पडतं, दुसरीत सरस ठरतं. माझा उतार पहिलीत सरस, दुसरीत बेभरवशाचा. मला विचाराल तर जनावराचा हिशेब आधी, माझी इभ्रत नंतर. तरीही मी स्वतः पिंपावर बसणार नाही. ते सोपं असतं म्हणून नव्हे (तिथेही बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात). रानातल्या जनावराला माणसाच्या खाण्याची चटक लावायची हे मला रुचत नाही. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका आमिषाच्या जागी चार अस्वलं मेलेली सापडली, गोळी न लागता. आमिषातलं चॉकलेट बाधलं होतं.

एक विचारायचं राहिलं. तो कॅमेरा साधा आहे की फोनवर लगेच फोटो पाठवणारा?

अलास्काची_माया

तात्या, लेख झाला की हा!

आमच्याकडची भर. अलास्कात ज्या दिवशी विमानातून उडालात त्या दिवशी अस्वल मारता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत थांबायचं. (आमिषाच्या जागी काळ्या अस्वलाला सवलत आहे, तो वेगळा विषय.) वरून हेरायचं, शेजारी उतरायचं आणि मारायचं, हे बंद व्हावं म्हणून. माझ्या मते फेअर चेस कायद्यात बसवायचा याहून स्वच्छ नमुना नाही. विमान वापरू नका असं कोणी म्हणत नाही, इथे रस्तेच नाहीत. फक्त मधे एक रात्र घाला. तेवढ्यात अस्वल डोंगरापलीकडे गेलं तर गेलं.

आमिषावरून मात्र इथे राज्य आणि केंद्र यांची जुंपलेली असते. नॅशनल प्रिझर्व्हच्या (केंद्राच्या राखीव) जमिनीवर केंद्राच्या पार्क सर्व्हिसने २०१५ मध्ये तपकिरी अस्वलाला आमिष घालणं आणि गुहेतल्या काळ्या मादीला पिल्लांसह उजेड टाकून मारणं बंद केलं, २०२० मध्ये ती बंदी उठली, २०२४ मध्ये आमिषावर पुन्हा आली. गुहेतल्या शिकारीवर मी बाहेरून मत देत नाही. अलास्काच्या अंतर्भागातल्या काही मूलनिवासी समाजांत ती मांसासाठीची जुनी रीत आहे, आणि डेन्व्हरच्या क्लबवाल्यांच्या मापाने ती मोजणं मला बरोबर वाटत नाही.

तात्या_डुरँगो

मायाताई, क्लब डेन्व्हरचा नाही हो, पण मुद्दा मान्य. फेअर चेस हा पोट भरलेल्या माणसाने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. ज्याला मांस हवंय त्याला तो ऐकवू नये.

विदा_द्या

@तात्या, मेनमध्ये यावर दोनदा सार्वमत झालंय ना? २००४ आणि २०१४. आमिष, कुत्रे, सापळे बंद करा म्हणून. दोन्ही वेळा पडलं, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याचे तज्ज्ञच बंदीच्या विरोधात होते. म्हणणं असं की दाट जंगलात आमिषाशिवाय अस्वल दिसतच नाही आणि संख्या आवाक्यात ठेवायची तर दुसरा मार्ग नाही. मग नैतिकतेचा प्रश्न उरतो कुठे?

तात्या_डुरँगो

उरतो. संख्या आवाक्यात ठेवायची हे खात्याचं काम. झाडावर बसलेल्या माणसाचं कारण ते नसतं, तो आनंदासाठी बसतो. खात्याला पटलं म्हणून माझं पटेलच असं नाही. पण दाट जंगलाबद्दल ते बरोबर आहेत. मेनमध्ये माझ्यासारखा दुर्बीण घेऊन बसलात तर फक्त झाडाची सालं मोजाल.

भटका_मेनवाला

सगळ्यांचे आभार. तात्या, तुमच्यामुळे प्रश्न सुटला नाही, पण दोन झाले. :)

काल त्यांना विचारलं. कॅमेरा साधा आहे, जाऊन कार्ड काढावं लागतं. फोनवर फोटो येणारा का नाही घेत, तर म्हणाले, "मग मी घरी सोफ्यावर बसून शिकार करतोय असं वाटेल." गेल्या वर्षी एक मादी तीन पिल्लं घेऊन आली, अंधार पडेस्तोवर पिंपाशी होती, आणि हे वर अवघडून बसलेले, उतरताही येईना. ते ऐकून जायचं नक्की केलं.

कार्डवाला आणि फोनवाला यात इतका फरक का, ते मात्र सांगा.

तात्या_डुरँगो

कार्डात कालचं अस्वल असतं. फोनवर आत्ताचं असतं. फोन वाजला, उठलात, गाडी काढलीत आणि अस्वल पिंपाशी असताना पोहोचलात, तर तुम्ही तिथे नसण्याची जी वेळ अस्वलाच्या वाट्याची होती तीही काढून घेतलीत. बून अँड क्रॉकेटवाले तसं मारलेलं जनावर त्यांच्या विक्रमांच्या नोंदवहीत घेत नाहीत. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे सरसकट बंद केले, साधेसुद्धा. मला विचाराल तर डोनटपेक्षा हा फोन जास्त गैरवाजवी.

जाताय तर अत्तर, सुवासिक साबण काही लावू नका, आणि खोकला असेल तर घरीच थांबा. म्हातारा वर्षभर बोलणार नाही तुमच्याशी. मांस मिळालं तर आतून ७१ अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवा. ट्रिकिनेला या मांसातल्या परजीवी जंताचे काही प्रकार फ्रीझरमध्येही मरत नाहीत, त्यामुळे 'गोठवलं होतं' हे ऐकून घेऊ नका.

गार्गी_म

मला अजूनही हे पटलेलं नाही, पण ती मादी आणि वर अडकलेले आजोबा आवडले. जाऊन आलात की वृत्तांत टाका. फोटो नकोत.