मदत हवी आहे: साडी नेसायला गेले आणि हातात खोकं आलं

शेवंती_नाशिक: तातडीने मदत हवी आहे, काल रात्रीपासून डोकं उठलंय. साडी विकत घेतली, 'वेअर' दाबलं. साडी राहिली बाजूला, उजव्या हाताला हे एवढं मोठं खोकं चिकटलं. दारातून आधी खोकं जातं, मागून मी. बाहेर पडून परत आत आले तरी तसंच. शनिवारी सकाळी १० ला जर्मनचा वर्ग आहे, तिथे अशी जाऊ? कृपया व्हिडिओ सुचवू नका, चार बघून झालेत.

चकली_बहाद्दर: नाशिकला राहून साडी ऑनलाइन कशाला घेता? येवला काय लांब आहे का!

बिनधास्त_बंड्या: रोब्लॉक्स गेम आहे का? मुलाला विचारून सांगतो, तो क्लासला गेलाय.

शेवंती_नाशिक: रोब्लॉक्स नाही हो. सेकंड लाइफ, ते ऑनलाइन जग, जिथे आपला अवतार फिरतो. वर लिहिलंय ना?

टेकाड्या: नाही लिहिलंत, ताई. व्ह्यूअर कुठला? आणि उभ्या कुठे आहात, दुकानातच का?

शेवंती_नाशिक: व्ह्यूअर म्हणजे? जे डाउनलोड झालं ते. हो, दुकानातच आहे, कालपासून.

जुना_रहिवासी: सेकंड लाइफ अजून चालू आहे हे वाचून बरं वाटलं. २००३ चं ते. २००६ मध्ये रॉयटर्सने आत स्वतःचा वार्ताहर बसवला होता, पुढच्या वर्षी मालदीव आणि स्वीडनने दूतावास काढले. मी तेव्हा रात्र रात्र जागायचो. ताई, आधी फायरस्टॉर्म हा दुसरा व्ह्यूअर टाका, नेहमीच्या व्ह्यूअरवर कोणी जुना माणूस राहत नाही.

टेकाड्या: नवीन माणसाला फायरस्टॉर्म देऊ नका राव. त्यातली बटणं बघूनच पळून जातील. आणि खोक्याचा व्ह्यूअरशी संबंध काय?

जुना_रहिवासी: संबंध नाही, पण आज ना उद्या टाकणारच. मग आजच का नाही?

टेकाड्या: शेवंतीताई, खोक्यावर उजवं क्लिक करून 'डिटॅच' म्हणा, हात मोकळा होईल. साडी त्या खोक्याच्या आत आहे. काही खोकी अंगावर घेतली की आपोआप उघडतात, तुमचं तसलं दिसत नाही. इन्व्हेंटरीतून, म्हणजे तुमच्या सामानाच्या यादीतून, ओढून जमिनीवर ठेवा, उजवं क्लिक, 'ओपन', मग आतलं सगळं इन्व्हेंटरीत कॉपी करा.

शेवंती_नाशिक: हात सुटला! पण जमिनीवर ठेवता येईना. जागेच्या मालकाची परवानगी नाही म्हणतंय.

टेकाड्या: दुकानात नाहीच ठेवू देणार. शोधात 'सँडबॉक्स' टाका, तिथे टेलिपोर्ट करा. तिथे कोणीही काहीही मांडतं, त्यामुळे अंगावर विमान आलं तर घाबरू नका.

लिंडन_सावकार: स्वतःची जमीन घ्या ना, कटकट नको. अख्खा रीजन २५६ बाय २५६ मीटर, म्हणजे आपले १६ एकर. तुकड्यानेही मिळते. मी भाड्याने देत होतो.

चकली_बहाद्दर: सातबारा कोणाच्या नावावर?

शेवंती_नाशिक: खोकं उघडलं. साडी नेसवली तर पदरातून पोट बाहेर येतंय आणि निऱ्यांतून गुडघे. हे काय आता?

मीनल_डब्लिन: साडीच्या नावापुढे काय लिहिलंय? 'मैत्रेय लारा' वगैरे?

शेवंती_नाशिक: हो! मला वाटलं विणकराचं नाव असेल.

मीनल_डब्लिन: मीही फसले होते. ते मेश बॉडीचं नाव आहे, ती वेगळी विकत घ्यावी लागते. साडी त्या अंगाच्या मापाची आहे, तुमचं अंग फुकटातलं. शनिवारपुरते सुरुवातीला मिळालेले तयार अवतारच वापरा, इन्व्हेंटरीच्या लायब्ररीत आहेत. पुढच्या वेळी आधी 'डेमो' घालून बघायचा. आणि सकाळी १० म्हणालात, ते एसएलटी आहे का?

शेवंती_नाशिक: हो, सरांनी १० एसएलटी लिहिलंय. तेच ना?

मीनल_डब्लिन: नाही हो. एसएलटी म्हणजे सेकंड लाइफची वेळ, ती कॅलिफोर्नियाची. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकरा.

शेवंती_नाशिक: गेल्या शनिवारी सकाळी पाऊण तास त्या रिकाम्या वर्गात एकटी बसले होते. वाटलं, जर्मन लोक वक्तशीर असतात म्हणे!

बिनधास्त_बंड्या: मुलगा आला. तो म्हणतो रोब्लॉक्सच घ्या.